यंत्र घेणाऱ्याचे, किल्ली कंपनीची

टॅबलेट विकत घेणाऱ्या माणसाला दुकानात अनेक गोष्टी सांगितल्या जातात. पडदा किती इंची आहे, बॅटरी किती तास पुरते, छायाचित्रे कशी येतात, हे सारे त्याला कळते. एक गोष्ट मात्र कोणी त्याला सांगत नाही आणि तोही ती विचारीत नाही. या यंत्रावर कोणती कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, चालावी हे ठरविण्याचा अधिकार पैसे मोजल्यावर त्याच्याकडे येतो की विकणाऱ्याकडेच राहतो? वरवर पाहता हा प्रश्न हौशी तंत्रज्ञांचा वाटेल. टॅबलेटवर लिनक्ससारखी मेजावरच्या संगणकाची मुक्तस्रोत कार्यप्रणाली चालविण्याची खटपट जगभर जे थोडे लोक करतात, त्यांचा तो छंद आहे असे म्हणून तो बाजूला सारलाही जातो. वस्तुतः तो मालकीचा प्रश्न आहे, आणि साधनांच्या मालकीविषयी उदासीन राहणे समाजवादी चळवळीला परवडणारे नाही.

टॅबलेट हा पूर्ण संगणक आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. प्रोसेसर, स्मृती, साठवण, पडदा, जाळ्याशी जोडणी ही संगणकाची सर्व अंगे त्यात असतात. फरक पडतो तो कारखान्यातून येणाऱ्या कार्यप्रणालीमुळे. ही प्रणाली मुख्यतः पाहणे, ऐकणे, विकत घेणे आणि बोटाने होकार देणे यांसाठी रचलेली असते. तिच्यावर लिहिता येत नाही असे नाही. पण अॅप कोणते मिळावे, फाइल कोठे राहावी, जुने यंत्र किती वर्षे चालावे हे निर्णय दुसरीकडे होतात. त्याच यंत्रावर डेबियन, उबुंटू किंवा फेडोरा यांसारखी पूर्ण प्रणाली बसविली आणि शंभर-दोनशे रुपयांची खिडकी नव्हे, तर साधा कीबोर्ड जोडला, की चित्र पालटते. लिब्रेऑफिसमध्ये युनियनचा जमाखर्च मांडता येतो, पत्रकाची जुळणी करता येते, विद्यार्थ्याला प्रोग्राम लिहून तपासता येतो. उपभोगाचे साधन उत्पादनाचे साधन बनते. तालुक्याच्या गावी ज्या घरात टॅबलेट हाच पहिला आणि एकमेव संगणक असतो, त्या घराच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

या संदर्भात महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेला एक प्रयोग विस्मरणात जाऊ नये. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने ‘आकाश’ हा स्वस्त टॅबलेट वाजतगाजत पुढे आणला. पहिल्या आवृत्तीत ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट स्मृती होती. तिच्याविषयी तक्रारी फार झाल्या. पुढे प्रकल्पाची जबाबदारी पवईच्या आयआयटी मुंबईकडे आली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘आकाश-२’ प्रसिद्ध झाला. सात इंची पडदा, एक गिगाहर्ट्झचा ऑलविनर ए-१३ प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि अँड्रॉइड प्रणाली असे त्याचे स्वरूप होते. पवईच्या मंडळींसमोर लवकरच एक अडचण उभी राहिली. हे यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना द्यावयाचे होते, आणि त्यांना लागणारी पायथन, सी, सायलॅब ही साधने मेजावरच्या संगणकांसाठी निर्माण झालेली होती. आरंभी अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सची छोटीशी कोठडी करून ती चालविण्यात आली. त्यानंतर अधिक धीट पाऊल टाकले गेले. पूर्ण लिनक्स प्रणालीच एका मेमरी कार्डावर बसविण्यात आली. कार्ड खाचेत घालून यंत्र सुरू केले की लिनक्स, कार्ड काढून सुरू केले की पूर्वीचेच अँड्रॉइड.

हे शक्य झाले याचे कारण तांत्रिक असले तरी समजण्यास सोपे आहे. ऑलविनरच्या त्या चिपमध्ये कायमचा कोरलेला जो आरंभीचा प्रोग्राम आहे, तो जागा होताच प्रथम मेमरी कार्डाकडे पाहतो आणि तेथे काही चालविण्याजोगे मिळाले नाही तरच यंत्राच्या आतील साठवणीकडे वळतो. कार्डावर कोणाची सही आहे काय, हे तो विचारीत नाही. म्हणजे एका स्वस्त चिपच्या रचनेने विद्यार्थ्याला जो अधिकार दिला, तो महागड्या टॅबलेटांच्या ग्राहकांना नव्हता. पण योगायोगाने मिळालेले स्वातंत्र्य योगायोगानेच जाते. आकाश प्रकल्प मार्च २०१५ मध्ये बंद झाला आणि त्याच्या यशापयशाची चर्चा किंमत, दर्जा व पुरवठा यांभोवतीच फिरत राहिली. सरकारी पैशाने वाटल्या जाणाऱ्या यंत्रात विद्यार्थ्याला स्वतःची प्रणाली बसविता आली पाहिजे, हा त्यातला खरा धडा कोणी धोरणात उतरविला नाही.

ज्या काळात पवईत हे चालले होते, त्याच काळात जगाच्या बाजारात उलट दिशेने पावले पडत होती. आजच्या बहुतेक टॅबलेटांत यंत्र सुरू होताना एक साखळी कार्य करते. चिपमध्ये कोरलेला प्रोग्राम बूटलोडर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामला बोलावतो आणि बूटलोडर कार्यप्रणालीला. प्रत्येक पायरीवर पुढच्या प्रोग्रामवर मान्य अशी अंकीय सही आहे काय, हे तपासले जाते. सही नसेल तर यंत्र पुढे जात नाही. ही सही ज्या गुप्त किल्लीने होते, ती कंपनीच्या ताब्यात असते. ज्याने यंत्राची किंमत मोजली, त्याच्याकडे तिची प्रत नसते.

मायक्रोसॉफ्टने विंडोज-८ च्या वेळी यंत्रनिर्मात्यांसाठी जे प्रमाणन-नियम केले, त्यांतील भेद या दृष्टीने बोलका आहे. इंटेल पद्धतीच्या संगणकांवर ही तपासणी बंद करण्याची सोय मालकाला असलीच पाहिजे, असे ते नियम सांगत. एआरएम पद्धतीच्या यंत्रांवर मात्र ती बंद करता येताच कामा नये, असे तेच नियम सांगत. या नियमांखाली ऑक्टोबर २०१२ मध्ये सरफेस आरटी हा टॅबलेट विक्रीस आला. तो खपला नाही. जुलै २०१३ मध्ये कंपनीने त्याच्या पडून राहिलेल्या मालापोटी ९० कोटी डॉलरांचा तोटा दाखविला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या प्रणालीचा उरलासुरला आधारही संपला. ज्यांनी तो घेतला होता, त्यांच्या हाती धडधाकट यंत्र राहिले, पण त्यावर दुसरी प्रणाली बसविण्याचा सरळ मार्ग राहिला नाही. संशोधकांनी पुढे त्या रचनेतील त्रुटी शोधून वाट काढली, हे खरे. परंतु स्वतःच्या घरात शिरण्यासाठी मालकाला खिडकी फोडावी लागत असेल, तर ते घर त्याचे आहे असे म्हणण्यात अर्थ उरत नाही.

अॅपलचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. या कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ ही चिप आपल्या मॅक संगणकांसाठी आणली आणि एप्रिल २०२१ मध्ये तीच चिप आयपॅड प्रोमध्ये घातली. मॅकवर मालकाच्या संमतीने दुसरी प्रणाली सुरू करण्याची वाट कंपनीने ठेवली आहे. त्यामुळे ‘असाही लिनक्स’ या स्वयंसेवी प्रकल्पाला मार्च २०२२ मध्ये त्या संगणकांसाठी पहिली चाचणी-आवृत्ती देता आली. आयपॅडवर ती वाट नाही. चिप तीच, निर्माता तोच. एका यंत्राचा धनी लिनक्स चालवितो आणि दुसऱ्याचा चालवू शकत नाही. यंत्राच्या क्षमतेचा येथे काही संबंध नाही, हे उघड आहे. एक यंत्र काम करण्याचे म्हणून विकले जाते आणि दुसरे दुकानाच्या खिडकीसारखे. त्या खिडकीतून होणाऱ्या प्रत्येक विक्रीवर दलाली मिळते. कुलूप कोठे लावावयाचे, हे या हिशेबातून ठरते.

कुलूप उघडले तरी दुसरी अडचण राहतेच. पडदा, स्पर्श, वायफाय, कॅमेरा, ध्वनी या प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी प्रणालीला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो, आणि तो लिहिण्यासाठी त्या भागाची अंतर्गत माहिती लागते. मेजावरच्या संगणकात बरेचसे भाग स्वतःची ओळख प्रणालीला सांगतात. एआरएम टॅबलेटात तसे नसते; कोणता भाग कोठे व कसा जोडला आहे याचे वर्णन प्रत्येक नमुन्यासाठी वेगळे लिहावे लागते. ही माहिती कंपन्या बहुधा देत नाहीत. मग स्वयंसेवक बंद यंत्राची नाडी बाहेरून तपासत बसतात. ‘आकाश-२’ मध्ये चित्रे रेखाटणारा जो माली-४०० हा भाग होता, त्याच्यासाठी मुक्त ड्रायव्हर लिहिण्याचे प्रयत्न २०१२ च्या सुमारास उजेडात आले आणि तो ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य प्रवाहात २०१९ मध्ये सामील झाला. आकाश प्रकल्प बंद होऊन तोपर्यंत चार वर्षे लोटली होती. जी माहिती निर्मात्याच्या कपाटात तयार होती, ती पुन्हा शोधून काढण्यात कुशल माणसांची वर्षे खर्ची पडली. भांडवलशाही कार्यक्षमतेचे गोडवे गाते. श्रमाची अशी नासाडी मात्र तिच्या ताळेबंदात दिसत नाही.

यातील विपर्यास असा, की लिनक्सला दार बंद करणाऱ्या बहुसंख्य टॅबलेटांच्या पोटात लिनक्सच आहे. अँड्रॉइडचा गाभा म्हणजे लिनक्सचाच गाभा होय. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेले लिनक्स, यांच्यामागे असंख्य माणसांचे सहकारी श्रम आहेत. या श्रमाचे फळ कोणी बळकावू नये म्हणून परवान्यात अट घातली गेली : जो कोणी हा प्रोग्राम बदलून वाटील, त्याने त्याची मूळ संहिता पुढच्यालाही द्यावी. कंपन्यांनी यातून पळवाट काढली. संहिता द्यावयाची, पण ती बदलून त्याच यंत्रावर चालविता येणार नाही अशी सहीची भिंत उभारावयाची. २००७ मध्ये आलेल्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीने ग्राहकोपयोगी यंत्रांपुरती ही पळवाट बंद केली, परंतु लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. अशा रीतीने समाजाने मिळून खणलेल्या विहिरीवर खासगी कठडा आणि कुलूप बसले.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना या परिस्थितीची ओळख पटण्यास जमिनीचा प्रश्न आठवावा. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेमागे दीर्घ लढा होता. मुंबई कूळकायद्याच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. तेथे कसणाऱ्याकडे मालकी नव्हती. येथे पावतीवर मालकी आहे, पण कसण्याची मुभा नाही. कोणते पीक घ्यावयाचे ते दुसरा ठरवितो, आणि काही वर्षांनी सुधारणा पाठविणे थांबवून जमीन पडीक पाडण्याचा अधिकारही त्याच्याचकडे राहतो.

या मांडणीवर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांतील काही गंभीर आहेत. कुलपामुळे चोरीला आळा बसतो, घातक प्रोग्राम यंत्राच्या मुळाशी शिरत नाहीत, हे खरे आहे. सामान्य माणसाच्या टॅबलेटात त्याचे बँकेचे व्यवहार असतात. त्याचे संरक्षण झालेच पाहिजे. पण कुलूप असावे की नसावे, हा वादच नाही. किल्ली कोणाकडे असावी, एवढाच वाद आहे. अनेक इंटेल संगणकांवर मालकाला स्वतःची किल्ली नोंदविता येते. गूगलच्या पिक्सेल यंत्रांवर बूटलोडर उघडून, दुसरी प्रणाली बसवून, ते मालकाच्या किल्लीने पुन्हा बंद करता येते. सुरक्षितता आणि स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा होय.

दुसरा आक्षेप असा, की टॅबलेटवर मेजावरची प्रणाली नीट चालत नाही. यातही तथ्य आहे. माउससाठी काढलेली बारीक बटने बोटाखाली सापडत नाहीत. पडद्यावरचा कीबोर्ड मजकूर झाकून टाकतो. पुष्कळ यंत्रांत कॅमेरा चालत नाही, झोपविलेले यंत्र बॅटरी खात राहते. रोजच्या देवघेवीची जी अॅप्स आज लोकांच्या अंगवळणी पडली आहेत, ती या प्रणालीसाठी बहुधा निघतच नाहीत. लिनक्स बसविले की सारे सुरळीत होईल, असा प्रचार कार्यकर्त्यांनी कदापि करू नये. फसगत झालेला माणूस पुन्हा जवळ येत नाही. मात्र यांपैकी अनेक उणिवा माहिती दडवून ठेवल्यामुळे निर्माण झालेल्या आहेत. माणसाचे पाय बांधावयाचे आणि मग त्याला चालता येत नाही म्हणून हिणवावयाचे, हा न्याय नव्हे.

तिसरा आक्षेप, फार थोडे लोक हा अधिकार वापरतील, असा आहे. वापरोत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करणारेही लोकसंख्येच्या मानाने थोडेच असतात, पण त्यांच्यामुळे कारभारावर जो वचक बसतो त्याचा लाभ सर्वांना होतो. गावातील एका शिक्षकाला वा एका दुरुस्तीवाल्याला जुन्या टॅबलेटवर नवी प्रणाली बसविता आली, तर शाळेतील चाळीस यंत्रे भंगारात जाण्यापासून वाचतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० चा नियमित आधार संपला. त्या प्रणालीवर चालणारे जे इंटेल टॅबलेट आज घरोघर पडून आहेत, त्यांतील अनेकांवर लिनक्स चालू शकते. २०१४ च्या सुमारास आलेल्या स्वस्त टॅबलेटांत प्रोसेसर ६४ बिटांचा आणि आरंभीचा प्रोग्राम ३२ बिटांचा असा विचित्र सांधा होता; त्यामुळे नेहमीची लिनक्स आवृत्ती त्यांवर सुरूच होत नसे. लिनक्सकारांनी तोही सांधा त्याच वर्षी जुळविला. दार उघडे असले की लोक अडचणींतून वाट काढतात, हेच यातून दिसते.

मग मागणी कोणती करावयाची? युरोपीय संघाने फोन व टॅबलेटांसाठी २०२३ मध्ये केलेले नियम २० जून २०२५ पासून लागू झाले. नमुन्याची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे सुधारणा पुरविण्याचे आणि सुटे भाग उपलब्ध ठेवण्याचे बंधन त्यांनी निर्मात्यांवर घातले. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी त्यात ग्राहक हा कंपनीच्या सेवेचा लाभार्थीच राहतो. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली, मोबाइल व टॅबलेट तिच्या विषयात येतात. सरकारी कामात मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१५ पासून कागदावर आहे. केरळने शालेय संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर उभे करून दाखविले आहे. म्हणजे तत्त्व मान्य आहे, अनुभवही आहे. उणीव आहे ती निविदेतील चार ओळींची.

सरकार आज टॅबलेटांचे फार मोठे ग्राहक आहे. महाराष्ट्रात ‘महाज्योती’ प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅबलेट देते. हरियाणाने २०२२ मध्ये सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना ते लाखोंच्या संख्येने वाटण्यास आरंभ केला. ज्याच्या हाती एवढी खरेदी आहे, त्याला अटी घालता येतात. सरकारी पैशाने घेतलेल्या प्रत्येक टॅबलेटचा बूटलोडर मालकाला विनामूल्य उघडता आला पाहिजे व स्वतःच्या किल्लीने पुन्हा बंद करता आला पाहिजे. गाभ्याची संहिता आणि भागांच्या जोडणीचे वर्णन यंत्राबरोबरच मिळाले पाहिजे. अभ्यासक्रमासाठी यंत्रावर काही बंधने घातली असतील, तर अभ्यासक्रम संपताच ती उठविली गेली पाहिजेत आणि यंत्र पूर्णतः विद्यार्थ्याचे झाले पाहिजे. ज्या दिवशी कंपनी सुधारणा थांबवील, त्या दिवशी कुलूप उघडण्याचे साधन तिने जाहीर केले पाहिजे; ही शेवटची अट सरकारी खरेदीपुरती न ठेवता कायद्याने सर्वांना लागू व्हावी.

हे काम विधिमंडळातील भाषणाने सुरू होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यात वाटलेल्या टॅबलेटांच्या निविदेत कोणत्या अटी होत्या, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. वाचनालयात, अभ्यासिकेत एखाद्या रविवारी जुनी यंत्रे गोळा करून कोणती उघडतात व कोणती नाही, याची यादी करता येते. जी उघडतील त्यांवर प्रणाली बसवून ती गरजू मुलांना देता येतील. जी उघडणार नाहीत, त्यांची यादी मागणीपत्राला जोडावी. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो माणसाच्या हाती साधन राहावे म्हणून. आज यंत्र खरोखरच तळहाताएवढे झाले आहे. ते ज्याच्या हाती आहे त्याच्या हुकमतीत आणणे, हे उरलेले काम आहे.